कूलर चालू होता, तरी लाडूला ऊन लागलं

रुग्ण: पर्शियन बोका, वय ६ वर्षं, नसबंदी झालेला, वजन ५.८ किलो. घर: नागपूर, चार मजली इमारतीचा सगळ्यांत वरचा मजला, झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. घरात काका, काकू, कॉलेजात शिकणारी नात आणि चिंगी नावाची एक गावठी मांजर. काळ: जूनचा पहिला आठवडा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, नुकता सरलेला. घरच्यांची ओळख दिलेली नाही. बोक्याचं नाव मात्र खरं आहे, काकूंची तशी अटच होती.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण म्हणजे त्या दिवशीचं तापमान. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाऊन बसला होता, तेव्हा लाडू मजेत होता. दुपारभर कूलरसमोर आडवा, संध्याकाळी गच्चीच्या जिन्यात फेरफटका. ज्या दिवशी तो मरता मरता वाचला त्या दिवशी पारा चाळिशीच्या खाली आला होता. घरच्यांनी तर सकाळी सुटकेचा श्वास टाकला होता.

त्या दिवशी काय घडलं

आदल्या संध्याकाळी वावटळ आली, धुळीनं घर भरलं, मग विजा आणि पंधरा-वीस मिनिटं टपोरा पाऊस. सकाळी हवा बरी वाटत होती, पण दमट. घरच्यांना वर्ध्याला लग्नाला जायचं होतं. निघताना काकूंनी लाडूची सोय आपल्या परीनं उत्तम केली. झोपायच्या खोलीत कूलर, म्हणून त्याला त्या खोलीत ठेवलं. पुन्हा वावटळ आली तर धूळ नको म्हणून खिडकीची काच सरकवून बंद. चिंगी लाडूचं खाणं फस्त करते म्हणून दारही बंद. वाटीत पाणी, कोपऱ्यात त्याच्या वाळूचा ट्रे, कूलरची टाकी काठोकाठ भरलेली, पंप चालू. चिंगीला बाकीचं घर मोकळं. तिच्यासाठी कूलर नाही की पंखा नाही. "तिला काय होते, ती गच्चीवरची आहे," हे काकूंचं म्हणणं.

सकाळी दहाला घर सोडलं, साडेपाचला परतले. मधल्या वेळात दोनच्या सुमारास वीज गेली आणि साडेचारच्या आसपास आली, हे शेजाऱ्यांकडून नंतर कळलं.

फोन नातीचा होता. "डॉक्टर, लाडू कसातरीच करून राहिला. तोंड उघडं टाकून श्वास घेऊन राहिला, कुत्र्यासारखा." एवढं वाक्य मला पुरेसं होतं. कुत्रा धापतो ती त्याची रीतच आहे. मांजर तोंड उघडून धापायला लागलं की ते नेहमीचं नाही असंच धरून चालायचं. घाबरलेलं किंवा खूप खेळलेलं मांजर मिनिटभर तसं करतं आणि थांबतं. लाडू थांबत नव्हता. लाळ दाट होऊन हनुवटीवरच्या केसांना चिकटली होती, मागचे पाय लटपटत होते, एकदा ओकलाही होता.

मी सांगितलं, ताबडतोब खोलीबाहेर काढा, पोट, काखा, जांघा आणि तळपाय पाण्यानं ओले करा, पंख्याखाली धरा आणि तसेच गाडीत घेऊन निघा. नात न्हाणीघरात धावली आणि नळ सोडला. नळातून आलं ते चटका बसेल असं पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, दिवसभर तापलेलं. नागपुरात उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत नळाला गार पाणी येत नाही, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको, पण घाईत तेच सुचतं. सुदैवानं स्वयंपाकघरात माठ होता. माठातलं पाणी वापरलं.

तोवर काकूंनी एक गोष्ट करून ठेवली होती. विदर्भात ऊन लागलं की तळपायाला कांद्याचा रस चोळतात. खिशात कांदा ठेवायचा, पन्हं प्यायचं, त्यातलाच हा प्रकार. काकूंनी कांदा किसून लाडूच्या चारही तळव्यांना चोळला होता. माणसाचं यानं काही बिघडत नाही. मांजर पाय चाटतं, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो. मी फोनवरच पाय धुवायला लावले. मागून काकांचा आवाज आला, तापाची गोळी पाव द्यायची का? ओरडूनच नाही म्हणालो. पॅरासिटामॉल जिरवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. शिवाय ऊन लागल्यावर अंग तापतं ते आजारातल्या तापासारखं नसतं. आजारात मेंदूच ठरवतो की अंग तापवायचं, गोळी तो निर्णय मागे घ्यायला लावते. इथं मेंदूनं तसं काही ठरवलेलंच नसतं. बाहेरची उष्णता आत साठलेली असते, ती बाहेरच काढावी लागते.

टेबलावर

दवाखान्यात आला तेव्हा गुदद्वारातून मोजलेलं तापमान १०६.४ अंश फॅरनहाइट होतं. मांजराचं नेहमीचं १००.५ ते १०२.५ असतं. घरी सापडला तेव्हा किती असेल याचा अंदाजच करायचा, कारण वाटेत गाडीचा एसी आणि ओलं पोट यांनी थोडं तरी उतरलं असणार. हिरड्या विटेसारख्या लालभडक. श्वास उथळ आणि भराभर. नाडी जलद, पण हाताला लागत होती.

शेजारच्या माणसानं गाडीत बर्फाची पिशवी दिली होती आणि कुणीतरी ओला टॉवेल गुंडाळला होता. दोन्ही मी काढलं. बर्फानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. ओला टॉवेल दोन मिनिटं बरा. मग तोच अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो आणि गोधडीचं काम करतो. त्यापेक्षा पाणी केसांच्या मुळापर्यंत बोटांनी पोचवायचं आणि वरून पंख्याचा झोत सोडायचा. लाडूच्या बाबतीत हे मुळापर्यंत पोचवणं सोपं नव्हतं. पोटावर आणि काखेत केसांचे गठ्ठे झाले होते, नमद्यासारखे. वरून ओतलेलं पाणी गठ्ठ्यावरून ओघळून जात होतं. तिथले केस मशीननं काढले तेव्हा कुठं कातडी दिसली.

नाकासमोर ऑक्सिजन, पुढच्या पायात सुई, साध्या तापमानाचं सलाईन, रक्तातली साखर तपासली. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. १०३ला आल्यावर ओलं करणं आणि पंखा दोन्ही थांबवलं. इथं बरेच जण चुकतात. १०१ दिसेपर्यंत गार करत राहिलं, तर पारा तिथं थांबत नाही, घसरत ९८-९७वर जातो आणि मग मांजर थंडीनं काकडायला लागतं. पुढचं उतरणं शरीरावर सोडायचं.

तासाभरात तोंड मिटलं. नातीला वाटलं संपलं, घरी नेऊ या. नेऊ दिलं नाही. ऊन लागलेल्या जनावराचा खरा हिशेब पुढच्या दोन-तीन दिवसांत होतो. तापलेल्या रक्तानं मूत्रपिंड, यकृत, आतड्याचं अस्तर हे सगळं भाजून निघालेलं असतं, आणि रक्त गोठवणारी यंत्रणा बिघडली तर जिथं तिथं रक्तस्राव सुरू होतो. लाडूच्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी कमी झाल्या, पण धोक्याच्या पातळीवर गेल्या नाहीत. यकृताचे आकडे वाढले. मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं क्रिएटिनिन (ते वाढलं की मूत्रपिंड थकलं) पहिल्या संध्याकाळी १.५ होतं, दुसऱ्या दिवशी २.८ झालं, चौथ्या दिवशी १.७वर आलं. शौचात रक्त दिसलं नाही. कांद्याची शंका होती म्हणून चौथ्या दिवशी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तांबड्या पेशी ठीक होत्या.

मांजर उघड्या तोंडानं श्वास घेतंय म्हणजे ऊनच लागलं असेल असंही नसतं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार, दमा, छातीत पाणी, यांतही तेच दिसतं, आणि पर्शियनमध्ये हृदयाचा हा आजार आढळतो. उन्हाळ्यात येणारा प्रत्येक धापणारा बोका उष्माघाताच्या खात्यात टाकला तर एखादा हृदयाचा रुग्ण सलाईन भरभरून मारला जाईल. लाडू स्थिर झाल्यावर छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी केली. हृदय ठीक. मूत्रपिंडंही पाहिली, कारण पर्शियन घराण्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार चालत येतो. गाठी नव्हत्या. म्हणजे जे झालं ते त्या खोलीनंच केलं होतं.

घर पाहिल्यावर

काकूंचा प्रश्न रास्त होता. "कूलर चालू होता न डॉक्टर. मे महिना निभावला, मग आत्ताच कसं?" याचं उत्तर दवाखान्यात बसून देता येत नव्हतं. लाडू घरी गेल्यावर एका दुपारी मी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो.

आधी कूलरविषयी. ज्याला आपण डेझर्ट कूलर म्हणतो त्याचं नावच सगळं सांगतं, ते कोरड्या हवेचं यंत्र आहे. ओल्या ताट्यांतून हवा जाते, पाणी सुकतं, सुकताना हवेतली उष्णता घेतं. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. म्हणून मे महिन्यात नागपूरकर एसीवाल्याला हसतो. वळीव पडून गेल्यावर बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के झाली की तोच कूलर, त्याच ताट्या, तेच पाणी, पण हवा ३०-३१च्या खाली जात नाही. आणि हे खिडकी उघडी असताना. कूलरनं बाहेरची कोरडी हवा ओढायची आणि खोलीतली दमट हवा समोरच्या दारा-खिडकीतून निघून जायची, तर ते गणित. लाडूच्या खोलीतला कूलर चाकांच्या स्टँडवर खोलीच्या आतच उभा होता आणि खिडकी बंद होती. तो तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत होता.

आम्ही तशीच मांडणी करून पाहिली. सुरुवातीला खोलीत ३७ अंश, आर्द्रता ४० टक्के. दार-खिडकी लावून कूलर सुरू केला. तासाभरानं यंत्रावर ३३ अंश आणि ८२ टक्के. काका म्हणाले, "बघा, चार अंश उतरलं न!" उतरलं होतं खरं. पण टेबलावरचं वर्तमानपत्र लिबलिबीत झालं होतं आणि देव्हाऱ्यातल्या काडेपेटीची काडी तीनदा घासूनही पेटली नाही, गुल नुसतं खरवडून निघालं. मग काकांनी वीज गेल्याचं नाटक म्हणून बटण बंद केलं. वरचा स्लॅब दुपारच्या उन्हानं तापलेला, पश्चिमेची भिंत हात लावून ठेवता येणार नाही अशी. दोनाचे साडेतीन होईपर्यंत पारा पुन्हा ३७वर, आर्द्रता सत्तरीच्या घरात. हवा हलायचं नाव नाही. मला स्वतःला तिथं बसवेना.

आता यात मांजराचं काय होतं ते पाहा. मांजर मुळात वाळवंटी प्राणी. आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरांत सापडतात. आपण ३५ अंशांत घामाघूम होतो तेव्हा ते निवांत उन्हात लोळतं, आणि त्यामुळेच आपली फसगत होते. पण अंग निववायची त्याची साधनं मोजकी आहेत. घाम फक्त तळपायांना, तो नावापुरता. मुख्य उपाय म्हणजे अंग चाटायचं आणि केसांवरची लाळ सुकू द्यायची. दुसरा उपाय, गार फरशीवर पोट टेकून पसरायचं. म्हणजे मांजराचं आणि कूलरचं तंत्र एकच आहे, पाणी सुकण्यावर चालणारं. ज्या हवेत कूलर हरतो त्या हवेत मांजरही हरतं, आणि दोघं एकाच वेळी. मे महिन्यात कूलरनं लाडूला वाचवलं आणि जूनच्या त्या दुपारी त्याच कूलरनं लाडूची लाळ सुकायचा रस्ता बंद केला.

लाडूचं अंग ओलं होतं, हे नातीला आठवलं. उचलला तेव्हा छाती आणि पुढचे पाय चिंब होते, तिला वाटलं पाण्याची वाटी सांडली असेल. वाटी जागेवर होती, अर्धी भरलेली. तो चाटत राहिला होता आणि ते सुकत नव्हतं. दुसरा उपायही त्याच्या नशिबी नव्हता, कारण खोलीभर जाड गालिचा होता.

दाराची खालची कड मी वाकून पाहिली. फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत ऑइलपेंट ओरबाडून निघाला होता, लाकूड उघडं पडलं होतं. दवाखान्यात त्याच्या पुढच्या उजव्या पंजाचं एक नख मुळाशी फाटलेलं मी पाहिलं होतं आणि नखांखाली पिवळट काहीतरी होतं, त्याचा उलगडा इथं झाला. दाराचा रंग पिवळट होता. बंद खोलीत घाबरून तो दार खरवडत राहिला, आणि त्या धडपडीनं अंगातली उष्णता आणखी वाढली. चपट्या नाकाच्या, अरुंद नाकपुड्यांच्या, सव्वा किलो जास्त वजनाच्या बोक्याला हे पेलणारं नव्हतंच.

आणि चिंगी? ती त्याच घरात, त्याच दुपारी, कूलरशिवाय होती. घरचे परतले तेव्हा ती न्हाणीघरातल्या मोरीत शहाबादी फरशीवर ताणून झोपली होती. आधी ती माठाच्या तिवईखाली बसली असावी, तिथल्या ओलीत तिचे केस होते. पर्शियन नाजूक आणि गावठी काटक, असं म्हणून सगळे मोकळे होतात. जातीचा वाटा आहेच, नाकाचा आणि केसांचा तर मोठा आहे. पण माझ्या मते त्या दिवशी दोघांतला मोठा फरक दाराचा होता. चिंगीला निवड करता आली. मांजराला घरभर फिरू दिलं तर कोणत्या वेळी कोणता कोपरा गार असतो हे त्याला आपल्यापेक्षा नेमकं कळतं. लाडूच्या वाट्याला माणसांनी ठरवलेला कोपरा आला, आणि ठरवताना हवामान मे महिन्याचं धरलं होतं.

घरात काय बदललं

पहिला बदल फुकटचा होता. दिवसा कोणतंही आतलं दार बंद करायचं नाही. प्रत्येक दाराला रबरी अडकण लावली, वाऱ्यानं आपटून बंद व्हायला नको म्हणून. चिंगीचा खाण्याचा प्रश्न काकूंनी लाडूची ताटली काढून घेऊन सोडवला. दुपारी कुणालाच खाणं नाही, एकदा पहाटे आणि एकदा रात्री. तसंही उन्हात मांजर दुपारी खात नाही, आणि ओलं खाणं तासाभरात आंबतं.

कूलर खिडकीत बसवला, पाठ बाहेर. समोरच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी. इथं मी एक अट घातली. चौथ्या मजल्यावर मांजराच्या घरात खिडकी उघडी ठेवायची तर डासांची नायलॉनची, चिकटपट्टीवर बसणारी जाळी चालणार नाही. मांजर तिला टेकून बसतं, कबुतर दिसलं की झेपावतं, आणि जाळीसकट खाली जातं. स्क्रूनं बसवलेली स्टीलची जाळी हवी. ऊन चुकवायला खिडक्या उघडल्या आणि पडून पाय-जबडा मोडलेलं मांजर आलं, असं उन्हाळ्यात आमच्याकडे होत राहतं.

आर्द्रतेचं यंत्र आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. चारशे-पाचशे रुपयांत मिळतं. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा चालू. साठचा आकडा मी अंदाजानं दिलेला आहे, तो काही नियम नाही. आकड्यापेक्षा सवय महत्त्वाची. काकूंनी स्वतःची खूण शोधली आहे, पापडाचा डबा उघडून पापड मोडून बघतात. कडकन मोडला तर पंप चालू. माझी त्याला हरकत नाही.

एसी घ्यावा का, यावर घरात बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, बोक्यासाठी एसी? नातीचं म्हणणं, तुमच्यासाठीही. शेवटी बैठकीत लहान एसी लागला. वळीव सुरू झाल्यापासून पावसाळा बसेपर्यंतच्या दिवसांत, दुपारी बारा ते पाच, २७-२८ अंशांवर, दार किलकिलं ठेवून. दार उघडं ठेवून एसी लावणं काकांच्या जिवावर येतं, पण लाडूला नको असेल तर बाहेर जाता आलं पाहिजे. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे घरातला जुना इन्व्हर्टर दुरुस्त करून त्यावर एक पंखा जोडला. नागपूरला वादळानंतर वीज जाणं ठरलेलं, आणि सगळी यंत्रं विजेवरची. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न ज्या घरात विचारलेला नाही त्या घरात एसी असला काय आणि नसला काय.

पाण्याचं पाहिलं. लाडू पूर्णपणे कोरड्या दाण्यांवर होता. त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊणशे टक्के किंवा जास्तच. मांजराला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून, आणि मांजर तहानेच्या बाबतीत आळशी असतं. बोक्यांमध्ये कमी पाण्यामुळे लघवी अडकण्याचा धोका वेगळाच. रात्रीचं खाणं ओलं केलं. कोंबडीचं पातळ पाणी चालेल म्हटलं, पण त्यात कांदा, लसूण, मीठ नको. ताक देऊ का, असं काकूंनी विचारलं, त्यावर नको म्हणालो. मोठ्या मांजराला दूध-ताक बहुधा पचत नाही, आणि जुलाब झाले तर पाणी उलट कमीच होतं. मातीची पसरट परळं घेऊन ती घरात चार ठिकाणी ठेवली, वाळूच्या ट्रेपासून आणि खाण्यापासून लांब. लाडू त्यातल्या एकाच परळातलं पितो, ते नेमकं चपलांच्या स्टँडजवळचं. का ते विचारू नका.

न्हाणीघरात सकाळीच एक बादली पाणी भरून सावलीत ठेवायची, ही सूचना मी आता वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला देतो. टाकीच्या उकळत्या पाण्याचा अनुभव या घरानं दिला.

केसांवरून मात्र नातीशी माझं पटलं नाही. तिला लाडूची सिंहकट करायची होती, मानेभोवती आयाळ ठेवून बाकी सफाचट. चित्रं तिनं काढूनच ठेवली होती. मोकळे, विंचरलेले लांब केस बाहेरची झळ थोपवतात आणि कातडीजवळ हवा खेळती ठेवतात. त्रास गठ्ठ्यांचा असतो, त्यांच्याखाली हवाही जात नाही आणि पाणीही. अगदी कातडीपर्यंत भादरलं तर गोऱ्या पर्शियनची कातडी उन्हात भाजते. लाडू पांढरा आहे. तडजोड अशी झाली की पोट, काखा आणि जांघांमधले केस आखूड, पाठ जशीच्या तशी, आणि रोज रात्री कंगवा. पहिले काही दिवस कंगव्याचं काम नातीनं केलं. आता काका करतात, टीव्हीवर बातम्या बघत.

गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. त्या जागी दोन शहाबादी फरश्या नुसत्याच टाकल्या. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारायचा प्रस्ताव काकांनी सोसायटीत मांडला. वरच्या मजल्यावरचे दोघं तयार झाले, खालचे म्हणाले आम्हाला काय. शेवटी वरच्यांनीच खर्च केला. पांढऱ्या स्लॅबखालच्या खोलीत रात्री फरक जाणवतो, असं काका सांगतात. तो मी मोजलेला नाही, पण पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो हे खरंच आहे, आणि अहमदाबादेत २०१३पासून उष्णतेविरुद्धचा आराखडा राबवताना झोपडपट्ट्यांची छपरंही पांढरी केली गेली.

नातीला मी आणखी एक गोष्ट शिकवली. मांजर गाढ झोपलेलं असताना छातीची वरखाली मोजायची, एक वर आणि एक खाली मिळून एक श्वास. मिनिटाला तीसच्या आत हवा. घरात मोजता येईल आणि मांजराला त्रास होणार नाही अशी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही. लाडूचे बावीस-चोवीस असतात. ती मोबाइलवर लिहून ठेवते.

पुढचा उन्हाळा

दुसऱ्या वर्षी मे कडक गेला आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा वादळ झालं, वीजही गेली. या वेळी नात घरी होती. आर्द्रता वाढताच पंप बंद केला होता, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरचा पंखा सुरू झाला. लाडू मात्र पंख्याखाली थांबलाच नाही, उठून न्हाणीघरात गेला. मोरीत चिंगी आधीच होती. तिनं एक फटका मारला, त्यानं तो खाल्ला आणि उंबऱ्याच्या आत जेवढी फरशी मिळाली तेवढीवर पोट टेकलं. नातीनं तासातासानं हिरड्या पाहिल्या, फिक्या गुलाबी होत्या. श्वास तीसच्या वर गेला नाही. मला फोन आला तो सगळं आटोपल्यावर, नुसतं सांगायला.

वजन ५.८वरून ४.९वर आलं आहे. क्रिएटिनिन १.६ आणि १.७च्या दरम्यान राहतं. पहिल्या तडाख्यात मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला असावा, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासतो. काकूंना अजूनही कूलरची बदनामी मान्य नाही. त्यांच्या मते दोष महावितरणचा की वर्ध्याच्या लग्नाचा, एवढंच ठरायचं बाकी आहे. लाडूची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.